तिसऱ्या रांगेचा ठेका

गाण्याचा ठोका पडायचा, पडद्यावर वीज चमकल्यासारखा पांढरा झगझगाट व्हायचा आणि तो सगळा सोहळा उरकल्यावर वीसेक वयस्कर बायका सावकाश हात वर करून टाळी वाजवायच्या. जणू वीज पडलेली बघून सगळ्या जणी शरण आल्या होत्या.

कात्रीनं तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा ठोका, पुन्हा वीज, पुन्हा शरणागती. तिनं हेडफोन काढून टेबलावर आपटला.

"आई," ती स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडली, "तुझ्या बायकांनी ताल नावाची गोष्ट कधी ऐकली आहे का?"

"माझ्या बायकांना सगळं माहीत आहे," आतून उत्तर आलं. "तुझ्या यंत्राला काय येतं ते बघ आधी."

कात्री हे अर्थात तिचं कागदोपत्री नाव नव्हे. लहानपणी घरात आलेलं एकही मासिक तिच्या तावडीतून धड सुटायचं नाही. चित्रं कापायची, भलत्याच चित्रांना चिकटवायची. एकदा तिनं घोड्याच्या धडावर काकांचं डोकं बसवलं. काकांनी तेव्हापासून तिच्याशी बोलणं कमी केलं आणि आईनं तिला कात्री म्हणायला सुरुवात केली. नाव चिकटलं, आणि पुढं पोटापाण्याचा धंदाही तोच निघाला. लोकांनी लग्नाचं, निवृत्ती समारंभाचं, दुकानाच्या उद्घाटनाचं शूटिंग आणून द्यायचं आणि हिनं ते कापून, जोडून, गाण्यावर बसवून द्यायचं.

पूर्वी ती प्रत्येक काप कानानं ऐकून करायची. आता सॉफ्टवेअर आलं होतं. त्याला गाणं दिलं की ते आपलं आपण ठोके शोधायचं, प्रत्येक ठोक्यावर एक हिरवी खूण मारायचं, आणि एकदा सांगून ठेवलं की खुणेगणिक झगझगाट, झूम, हादरा, जे हवं ते आपोआप टाकत सुटायचं. आपोआप! या एका शब्दानं कात्रीच्या आयुष्याचं जेवढं वाटोळं केलं होतं तेवढं लग्नानंसुद्धा केलं नव्हतं. लग्न फार टिकलं नाही. तिच्या पहिल्या हार्ड डिस्कनं त्याहून बरी साथ दिली. पण हा 'आपोआप' काही पाठ सोडत नव्हता. जो येई तो म्हणे, "आता काय, सगळं आपोआप होतं ना? मग संध्याकाळी न्यायला येतो." लांबच्या शहरात राहणारा तिचा दादा, ज्याला स्वतःच्या फोनवरचा गजर बंद करता येत नाही, तोही म्हणायचा, "बटणच तर दाबायचं असतं." असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्याच बटणाजवळ चार दिवस बांधून ठेवावं, असं तिला मनापासून वाटे.

आणि या वेळी गिऱ्हाईक घरातलंच होतं.

आईला गावभर शिट्टीबाई म्हणत. शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होताना चेंडू, दोऱ्या, कपाटाच्या किल्ल्या सगळं त्यांनी मोजून परत केलं. शिट्टी मात्र दिली नाही. शाळेनंही मागायचं धाडस केलं नाही. घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे वाचनालय, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट हॉल. तिथं रोज सकाळी बाईंचा वर्ग भरायचा. साठीच्या पुढच्या बायका, कॅनव्हासचे बूट, खुर्चीवर ठेवलेला एक छोटा स्पीकर, त्यावर एकच गाणं आणि गाण्यावर हात वर, हात खाली, टाळी, पाऊल पुढं, पाऊल मागं. वर्षानुवर्षं तेच गाणं. कात्रीला ते आपल्या खोलीची खिडकी बंद करूनसुद्धा पाठ झालं होतं.

मग मागच्या हिवाळ्यात वर्गातली एक जण, पोस्टातून निवृत्त झालेली म्हणून पोस्टबाई म्हणवणारी, टाळी वाजवता वाजवता चक्कर येऊन पडली आणि तिचं मनगट मोडलं. मनगट सांधलं, पोस्टबाई परत आल्या, पण वाचनालयाच्या सेक्रेटरींच्या मनात जे मोडलं ते सांधेना.

"माझा वैयक्तिक विरोध नाही," ते बाईंना म्हणाले. कुठलीही वाईट बातमी ते याच वाक्यानं सुरू करत. "पण उद्या पुन्हा कुणी पडलं तर जबाबदार कोण? त्यापेक्षा वर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवू म्हणतो."

"गठ्ठे पडत नाहीत वाटतं?"

"पडले तरी त्यांचं मनगट मोडत नाही बाई."

शनिवारी कमिटीची बैठक होती. वर्गाचा हॉल राहायचा की गठ्ठ्यांना जायचा, ते त्या बैठकीत ठरणार होतं. दुसरा हॉल गावात नव्हता. होता तो तीन जिने वर होता, आणि त्या गुडघ्यांना तीन जिने म्हणजे हिमालय. बाईंनी समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, शेवटी घरी येऊन मुलीसमोर उभ्या राहिल्या.

"बोलून यांच्या डोक्यात शिरत नाही. दाखवूच या. तू फिल्म कर. आणि मिळमिळीत नको. त्या लग्नाच्या करतेस तशी जोरदार. टण् टण् टण्! बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, या बायका आहेत की तरण्याताठ्या पोरी!"

कात्रीनं कॅमेरा दिला, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं, स्वतः मात्र गेली नाही. तिच्याकडे एका लग्नाचं काम अडकलं होतं, नवरीच्या मावशीला प्रत्येक ठोक्यावर स्वतःचा चेहरा हवा होता. बाईंनी कॅमेरा हॉलमधल्या कपाटावर ठेवला. तिथून बायकांच्या तिन्ही रांगा नीट दिसत होत्या. गाणं वाजलं, शूटिंग झालं. कात्रीनं त्यावर गाण्याची स्वच्छ प्रत चढवली, सॉफ्टवेअरनं ठोके शोधले, हिरव्या खुणा मारल्या, झगझगाट टाकले. बटण दाबलं, सगळं आपोआप झालं. आणि पुढं ती वीज आणि ती शरणागती.

ती आता इरेला पेटली. सगळं चित्र तिनं जरासं पुढं सरकवलं. पहिली रांग ठोक्याआधीच टाळी वाजवू लागली आणि तिसरी तरीही मागंच. परत मागं घेतलं. आता पहिली रांग बरोबर, दुसरी उशिरा, तिसरी तर एखाद्या लांबच्या नातेवाइकासारखी, कार्य उरकल्यावर उगवणारी. एका रांगेचं नाक धरावं तर दुसरीचं तोंड उघडतंय, अशी गत.

शेवटी तिनं आपलं नाव सार्थ केलं. रांगा एकमेकींपासून कापून वेगळ्या केल्या. हातांचे जवळून तुकडे, पावलांचे तुकडे, टाळ्यांचे तुकडे. प्रत्येक तुकडा ओढून ताणून नेमका खुणेवर बसवला. जे खुणेवर बसेना ते सरळ फेकून दिलं. झालं काय, तर एकदम चकचकीत फिल्म. टण्, हात. टण्, पाऊल. टण्, टाळी. तिनं आईला बोलावलं आणि खुर्ची दिली.

बाईंनी फिल्म शेवटपर्यंत पाहिली. शिट्टी गळ्यात होती ती चिमटीत धरून बसल्या होत्या.

"रेडिओ कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कोण रेडिओ?"

"कोण काय! आपली रेडिओ. तिसऱ्या रांगेतली."

रेडिओ म्हणजे वर्गातली सगळ्यात धिप्पाड बाई. कपाटाएवढी. तिला ऐकू अजिबात येत नसे आणि बोलणं अखंड. प्रसारण चालू, ऐकून घ्यायची सोय नाही.

"आहे की. हा बघ तिचा हात."

"आणि डोकं?"

"डोकं तालात नव्हतं."

"आणि हे पाऊल कुणाचं? पोस्टबाईंचं ना? मग पोस्टबाई कुठं गेल्या?"

"आई, फिल्म आहे ही, हजेरीपट नाही!"

"या माझ्या बायका नव्हेत," बाई उठल्या. "ही किल्ली दिलेली खेळणी आहेत. हे बघून सेक्रेटरी म्हणेल, वा, छान, आणि गठ्ठे आणून टाकेल."

"तूच म्हणालीस ना टण् टण् टण्?"

"टण् म्हणाले, बायका तोडून टाक म्हणाले का? तुला त्या कशा करतात तेच माहीत नाही. एकदा तरी वर आलीस का गं? रस्ता ओलांडायला पासपोर्ट लागतो?"

"मला कामं असतात!"

"हो, दिसतायत ना कामं. बिनडोक्याचे हात."

दार आपटायची या घरात जुनी शिस्त होती. आधी आईचं दार वाजलं, मग मुलीचं.

कात्री पुन्हा कामाला बसली ती दात-ओठ खातच. जुनं सगळं पुसून टाकलं, शूटिंग पुन्हा मांडलं, गाणं पुन्हा चढवलं आणि ठोके शोधायचं बटण दाबलं. सॉफ्टवेअरनं क्षणभर विचार केला आणि खुणा मारल्या. एका ठोक्याला एक नाही, तीन. इथून तिथून हिरवं गवत उगवल्यासारखं.

"आता तुला काय झालं?" ती पडद्याला म्हणाली. आई ऐकत नाही म्हटल्यावर माणूस पडद्याशीच बोलणार. तिनं खुणा पुसल्या, परत मारायला लावल्या. परत तीन. नेमका त्याच वेळी दादाचा फोन आला.

"आई म्हणत होती तू बायका कापल्यास."

"दादा, हे सॉफ्टवेअर बिघडलंय. एका ठोक्याला तीन दाखवतंय."

"बंद करून चालू कर."

"फोन?"

"सॉफ्टवेअर गं."

तिनं दोन्ही बंद केली. मग चालू करताना तिला दिसलं. गाण्याखाली कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज पडून होता, हॉलमध्ये रेकॉर्ड झालेला, खरखरीत. तो कानाला त्रास नको म्हणून तिनं मुका केला होता, पण ठोके शोधायला सांगताना रागाच्या भरात बोट गाण्यावर ठेवायच्या ऐवजी त्याच्यावर ठेवलं होतं. म्हणजे ती ऐकत होती एक आणि यंत्र मोजत होतं दुसरंच. नवशिक्या पोरानं ही चूक केली असती तर तिनं त्याला उभा सोलला असता. आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून तिनं स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि खुणा पुसायला हात पुढं केला.

पुसल्या नाहीत. खुणांकडे बघत राहिली. तीन, जरा जागा, तीन, जरा जागा, तीन. चूक एवढी शिस्तीत नसते. कानानं काप घालण्यात निम्मं आयुष्य गेलेल्या बाईला एवढं कळत होतं. तिनं गाणं बंद केलं, कॅमेऱ्याचा आवाज सुरू केला आणि हेडफोन चढवला.

टप्, टप्, टप्. जिन्याच्या पायऱ्यांवरून चेंडू उतरावा तशा टाळ्या. पहिली रांग, दुसरी रांग, तिसरी रांग. प्रत्येक वेळी तेवढ्याच अंतरानं. या बायका बेताल नव्हत्या. बेताल माणूस कधी पुढं जातो, कधी मागं राहतो. या दर वेळी अगदी सारख्याच उशिरानं येत होत्या.

"हे काय नवीन," कात्री म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातल्याच चपला पायात घालून, चडफडत तिनं रस्ता ओलांडला.

हॉल तिला वाटला होता त्याहून लांब होता. एका भिंतीला पुस्तकांची रिकामी कपाटं, दुसरीकडे उंच खिडक्या, पुढं खुर्च्यांची ओळ आणि मधल्या खुर्चीवर तो छोटासा स्पीकर. आवाज पहिल्या रांगेपर्यंत बरा पोचत होता, पुढं कपाटांत विरत होता. बाईंनी मुलीला दारात पाहिलं, पण चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. गाणं सुरू झालं. बायकांचे हात वर गेले: पहिल्या रांगेचे, मग दुसरीचे, मग तिसरीचे. वाऱ्यानं गवत वाकावं तसं ते पुढून मागं सरकत गेलं. मध्येच कुणीतरी मान उचलून स्पीकरच्या दिशेनं पाहिलं, आणि शिट्टी वाजली.

"गाणं कोण ऐकतंय?" बाई कडाडल्या. "पाठ बघा! पुढचीची पाठ!"

कात्री कपाटाला टेकून शेवटपर्यंत उभी राहिली. वर्ग संपल्यावर तिनं आईला गाठलं.

"हा कसला नियम? गाण्याच्या वर्गात गाणं ऐकायचं नाही?"

"गाण्याचा वर्ग नाही हा, न पडण्याचा वर्ग आहे," बाई बुटाची नाडी सोडत म्हणाल्या. "पोस्टबाई पडल्या तेव्हा सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या आणि गाण्यात रंगल्या होत्या. एवढ्या जणी, आणि पडताना एकीलाही दिसल्या नाहीत. धप्प आवाज झाला तेव्हा कळलं. त्या दिवशी ठरवलं. पुढचीची पाठ बघायची. तिनं हात उचलला की आपण उचलायचा, ती डुलली की धरायचं. गुडघेवाल्या पुढं, खुर्च्यांजवळ. डोकं गरगरणाऱ्या मध्ये. भक्कम सगळ्या मागं."

"आणि म्हणून सगळ्या उशिरा."

"उशिरा कसल्या? बघून करणाऱ्याला बघायला वेळ लागतो."

"अगं मग हे सेक्रेटरींना सांगितलंस का?"

"सांगितलं. म्हणाले, माझा वैयक्तिक विरोध नाही."

"आणि मला?"

"तुझ्या कानावरचं ते झाकण निघेल तेव्हा सांगणार ना."

एवढ्यात मागून एक जाडजूड हात कात्रीच्या खांद्यावर पडला. रेडिओ. "शिट्टीची पोर ना तू? किती वाळलीस! ते कॉम्प्युटर डोळ्यांना वाईट, पाठीला वाईट. माझा भाचा असाच वाळला. फिल्ममध्ये मी जाड दिसते का गं? दिसू दे. बटाटे आणायचेत मला," आणि उत्तराची वाट न बघता प्रसारण जिना उतरून गेलं.

घरी आल्यावर कात्रीनं फेकून दिलेलं सगळं परत काढलं. जे ठोक्यावर बसत नव्हतं ते. त्यात एका तुकड्यावर ती थबकली. टाळी नाही, पाऊल नाही, काहीच नाही म्हणून तिनंच तो कापून टाकला होता. मधल्या रांगेत पोस्टबाईंचा हात वर जातो, अर्ध्यावर थांबतो. डोकं किंचित कलतं. आणि त्यांचा तोल जायच्या आधीच मागून रेडिओचा हात येऊन त्यांचं कोपर धरतो. नुसतं धरतो. पोस्टबाई सावरतात, हात पुढं जातो, टाळी होते. रेडिओ हात सोडते आणि आपली राहिलेली टाळी उरकून घेते. पुढच्या रांगेत कुणाला पत्ता नाही. आणखी पुढं, सगळ्यांकडे तोंड करून, बाई मोठ्यानं आकडे म्हणतायत.

"आई!"

बाई चष्मा शोधत आल्या. तुकडा पाहिला. पुन्हा लावायला सांगितला.

"हे कधी झालं?"

"तू समोरच होतीस."

"मी पहिल्या रांगेच्या गुडघ्यांकडे बघत होते." बाई पडद्याजवळ वाकल्या. "पोस्टबाई बोलल्या नाहीत ते समजू शकते. पण रेडिओ? भाच्याच्या सासूला आलेला फोडसुद्धा ती मला सांगते, आणि हे नाही सांगितलं?"

त्या सरळ झाल्या. मग म्हणाल्या, "हे ठेव. आणि टण् टण् काढून टाक सगळं."

"काढणार नाही," कात्री म्हणाली. तिचंही एक नाक होतं. "काढलं तर कमिटीला वाटेल बायका चुकतायत. तू जा आता. काम करू दे."

मग तिनं काय केलं, तर जी चूक झाली होती तीच जाणूनबुजून केली. खुणा गाण्याच्या नव्हे, कॅमेऱ्याच्या आवाजावर मारून घेतल्या. पहिली खूण पहिल्या रांगेला, दुसरी दुसरीला, तिसरी तिसरीला. वीजबीज काढून टाकली. त्याऐवजी एक ऊबदार उजेड, जो टाळीबरोबर एका रांगेवर उजळेल, मग मागच्या, मग त्यामागच्या. बघणाऱ्याला कळावं की हे पुढून मागं चाललंय, मुद्दाम चाललंय. कल्पना दोन मिनिटांत सुचली. पण उजेडानं आपल्याच रांगेत राहावं म्हणून प्रत्येक रांगेभोवती रेघ आखायची, आणि रांगा हलत होत्या, म्हणून रेघही हलवायची. एखादीचा हात शेजारच्या रांगेत घुसला की तेवढाच हात उजळायचा, बाकी बाई अंधारात. सॉफ्टवेअर मधूनच एखाद्या खोकल्याला टाळी समजायचं आणि तिसरी रांग विनाकारण झळाळून उठायची. खिडकीखालून फेरीवाला ओरडला होता, त्याच्यावर तर तिन्ही रांगा एकदम पेटल्या. हे सगळं वेचून काढायचं. आपोआप होण्यासाठी हातानं जेवढं करावं लागतं तेवढं आयुष्यात दुसऱ्या कशासाठी करावं लागत नाही. नवरीच्या मावशीचे फोन तिनं उचलले नाहीत.

पोस्टबाईंच्या तुकड्यावर मात्र तिनं काही टाकलं नाही. उजेड नाही, झूम नाही. नुसता राहू दिला.

शनिवारी वाचनालयाच्या खालच्या दालनात कमिटी जमली. अध्यक्ष आले आणि बसल्या बसल्या झोपले. खजिनदार, सेक्रेटरी आणि आणखी दोघं. बाई पुढं बसल्या, एका बाजूला रेडिओ आणि पोस्टबाई, दुसऱ्या बाजूला टीव्हीजवळ कात्री. सेक्रेटरींनी अभिमानानं एक गोल डबीसारखा स्पीकर काढला.

"नवीन घेतलाय वाचनालयानं. वायर नाही, काही नाही. आपोआप जोडला जातो."

तो शब्द ऐकून कात्रीनं टीव्हीमागं वायर आहे का पाहिलं. फिल्म सुरू झाली, आणि तिला भीती होती तेच झालं. बिनवायरचा आवाज टीव्हीवरून डबीत पोचेपर्यंत चित्र पुढं निघून जात होतं. पहिली रांग टाळी वाजवून मोकळी, तेव्हा कुठं गाण्याचा ठोका. एवढा केलेला हिशेब, एवढ्या आखलेल्या रेघा, सगळं मुसळ केरात. ती ताडकन उठली.

"थांबा, आवाज उशिरा येतोय, मी वायर—"

बाईंनी तिच्या सदऱ्याचं टोक धरून तिला खाली बसवलं. "बस गं. इथं कोण ऐकतंय?"

"मधली रांग झकास आहे हो," खजिनदार कौतुकानं म्हणाले. "अगदी तालात."

कात्रीनं डोळे मिटून घेतले. मधली रांग! तिन्हींत चुकून बरोबर आलेली. उजेड पुढून मागं सरकत होता, टाळ्या उतरत होत्या, आणि सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणाले, "छान आहे. पण या एकदम का करत नाहीत? मागच्यांना जमत नाही का? हेच माझं म्हणणं. वय झालं की..."

आणि तेव्हाच तो तुकडा आला. पोस्टबाईंचा हात अर्ध्यावर थांबला. मागून हात आला. कोपर. मग टाळी.

"मागं घ्या जरा," सेक्रेटरी म्हणाले.

कात्रीनं मागं घेतलं. त्यांनी पुन्हा बघितलं. खुर्ची ओढून टीव्हीजवळ नेली आणि तिसऱ्यांदा बघितलं.

"या मागच्या बाईंना कुणी सांगितलं, पुढची पडतेय म्हणून?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. "आणि सांगितलं असतं तरी काय? तिला ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही? मग त्या गाण्यावर कशा..."

"गाण्यावर नाहीच करत. पाठ बघून करते. सगळ्या पाठ बघून करतात. म्हणून तर मागून येतात एकेक. मागच्या हिवाळ्यात सगळ्या तालात होत्या, सेक्रेटरी. अगदी एकदम. तेव्हा मनगट मोडलं."

सेक्रेटरींनी पोस्टबाईंकडे पाहिलं. पोस्टबाईंनी बरं झालेलं मनगट पदराआड घेतलं आणि म्हणाल्या, "मला वाटलं कुणी पाहिलं नाही."

"मी पाहिलं," रेडिओ मध्येच बोलली. तिला काय विचारलंय ते कळलं नव्हतं, पडद्यावर आपला हात दिसला एवढंच. "ही रोज एकदा तरी डुलते. नाश्ता करून येत नाही. सांगितलं तर शिट्टी हिला घरी बसवेल, म्हणून मी बोलले नाही. चहा आहे का हो?"

रेडिओनं एक गुपित राखलं होतं, आणि आता तेही कमिटीसमोर प्रसारित झालं होतं. पोस्टबाई लाल झाल्या. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की उद्यापासून त्या न खाता घराबाहेर पडणं शक्य नव्हतं.

अध्यक्ष जागे झाले. "काय ठरलं?"

"गठ्ठे जिन्याखाली मावतील," खजिनदार म्हणाले.

"माझा वैयक्तिक विरोध कधीच नव्हता," सेक्रेटरी म्हणाले. "फक्त तो पाठ बघायचा नियम मोठ्या अक्षरांत लिहून हॉलमध्ये लावा. आणि या बाईंनी खाऊन यावं." मग कात्रीकडे वळून, आवाज खाली आणून, "ते उजेड सरकणारं फार छान हो. वाचनालयाच्या वार्षिक सभेसाठी अशीच एक करून द्या. आपोआपच होतं ना? उद्या दिलीत तरी चालेल."

कात्रीनं तोंड उघडलं. बाईंनी पुन्हा सदऱ्याचं टोक ओढलं.

सोमवारी सकाळी बाई मुलीच्या दारात उभ्या राहिल्या. "बूट घाल."

"कशाला?"

"खुर्चीत बसून बसून पाठीचं धनुष्य झालंय तुझ्या. चल. मधल्या रांगेत एक जागा आहे."

"मधल्या? ती गरगरणाऱ्यांची ना?"

"दिवसभर लुकलुकणाऱ्या पडद्यात डोकं घालून बसतेस. तुझ्या डोक्याची हमी मी घेणार नाही."

आईशी वाद घालण्यापेक्षा टाळ्या वाजवणं कमी श्रमाचं होतं. कात्री मधल्या रांगेत उभी राहिली. पुढं एका गुडघेवालीची पाठ, मागं रेडिओ, भाच्याविषयी बोलत. भिंतीवर नवी पाटी लागली होती. गाणं सुरू झालं. मधल्या रांगेपर्यंत ते पुसट येत होतं, पण कात्रीला त्याचा प्रत्येक ठोका पाठ होता. निम्मं आयुष्य ज्या हातांनी ठोक्यावर कापलं, ते हात थांबणार कसे? ठोका पडला आणि तिची टाळी नेमकी ठोक्यावर वाजली. एकटीची. पुढच्या पाठीनं अजून हात उचललाही नव्हता.

शिट्टी वाजायच्या आतच मागून एक जाडजूड हात आला आणि त्यानं तिचं कोपर घट्ट धरलं.

"अहो मावशी, सोडा! मी पडत नाहीये! मीच बरोबर आहे!"

"काही नाही, काही नाही," रेडिओ म्हणाली, "होतं पहिल्या दिवशी," आणि गाणं संपेपर्यंत तिनं ते कोपर सोडलं नाही.